शाईतली जोडरेघ

१

नीलमचं पत्र मे महिन्यात आलं होतं. जानेवारी उजाडला तरी खुशालरावांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. निळं आंतर्देशीय, तेही अर्धंच भरलेलं. "सर, त्या दिवशी तुम्ही बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं, कारण तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मला एकच विचारायचं आहे. ते पत्र मी छापलं, असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. माझ्याकडे आता बायोडाटा छापायला कोणी येत नाही. लोक म्हणतात, ही निनावी पत्रंही छापते."

हो की नाही, एवढंच लिहायचं होतं. पण खुशालरावांना ना हो म्हणता येत होतं, ना नाही. बत्तीस वर्षं अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढलेला हा माणूस. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे तो झोपेतही सांगायचा, पण माणसांबद्दल त्याला कधीच खात्रीनं काही सांगता आलं नाही. नीलमनं त्या ग्रंथालयात त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं होतं. पुढे तिनं आपल्या घरच्या पुढच्या खोलीत एक प्रिंटर मांडला आणि लोकांचे अर्ज, लग्नाचे बायोडाटा छापून देऊ लागली.

झालं होतं ते असं. खुशालरावांचा पुतण्या धर्मेंद्र अमरावतीचा. त्याचा मुलगा शिवम अकोल्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. शिवमसाठी अकोल्यातल्याच पंजाबरावांची मुलगी प्राजक्ता पाहिली, पसंती झाली, साखरपुड्याची तारीख निघाली. आणि एप्रिलमध्ये धर्मेंद्रच्या घरी एक छापील पत्र आलं. खाली नाव नाही, पाकिटावर अकोल्याचा शिक्का.

"मुलीला फिट येतात. तुमच्यासमोरच तिचा तोल गेला, चौकट धरून उभी राहिली. अजून विचार करा."

साखरपुडा थांबला. दोन्ही घरची माणसं पंजाबरावांकडे बसली. कूलरच्या घरघरीत सगळे एकदम बोलत होते. मग धर्मेंद्रनं ते पत्र आणि प्राजक्ताचा बायोडाटा खुशालरावांच्या हातात दिला. "काका, तुमचं अख्खं आयुष्य कागदात गेलं. तुमीच पाहा."

खुशालरावांनी पाहिलं. दोन्ही कागदांवर ठरावीक अंतरानं अक्षरांना कापत जाणारी पांढरी रेघ होती. खरं तर दोन रेघा, एक जाड आणि तिच्या पोटाशी एक केसाएवढी. त्यांनी पट्टी मागवून अंतरं मोजली. तंतोतंत सारखी.

"दोन्ही कागद एकाच मशीनवर निघालेले दिसतात," ते म्हणाले.

बायोडाटा नीलमनं छापलेला होता. ती प्राजक्ताची शाळेपासूनची मैत्रीण. पुढचं कोणालाच बोलावं लागलं नाही.

दोन्ही कागद धर्मेंद्रनं त्यांच्याकडेच ठेवायला दिले. आठ महिने ते नीलमच्या पत्राशेजारी एका पाकिटात पडून होते.

२

खुशालरावांकडेही एक छोटा प्रिंटर होता. त्यावर ते आपल्या पुस्तकांच्या याद्या छापत. निवृत्तीनंतर ते अमरावतीला राहायला आले होते; शाई संपली, म्हणून ते तिथल्या साईनगरातल्या दुकानात गेले. काउंटरवर आचल नावाची मुलगी होती.

"ओरिजनल देऊ का डुप्लिकेट, आजोबा?"

"फरक काय आहे?"

"एका ओरिजनलच्या भावात तीन डुप्लिकेट येतात. आता तुमीच बोला."

"मग ओरिजनल घेतं कोण?"

"वकील घेतात. अन् ज्यायचं घर गळते ते घेतात." ती हसली. खुशालरावांना विनोद कळला नाही, हे पाहून तिनं नमुन्याचे दोन कागद काढले आणि बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून दोन्हींवर फिरवलं. एका कागदावरची अक्षरं तशीच राहिली. दुसऱ्यावर जांभळट काळा डाग पसरला.

"ओरिजनलची काळी पाण्याले भीत नाही. डुप्लिकेट पसरते. तशी वाईट नाही जी ते. पोट्ट्याइचे प्रोजेक्ट छापा, किराण्याच्या याद्या छापा. फक्त ओल्या हातानं धरू नका. कोणती देऊ?"

"विचार करून सांगतो," खुशालराव म्हणाले.

"शाईले काय विचार करता बाप्पा!" आचल म्हणाली. पण ते पायऱ्या उतरलेही होते.

घरी येऊन त्यांनी पाकीट काढलं. त्यांच्या ग्रंथालयात एक पाटी असायची, 'ओले बोट पानाला लावू नये.' बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना याच एका गोष्टीवरून टोकलं होतं. आता त्यांनी स्वतःच वाटीत बोट बुडवलं आणि बायोडाट्याच्या कोपऱ्यातल्या एका अक्षरावर टेकवलं.

अक्षर जागचं हललं नाही.

मग निनावी पत्र. 'विचार करा'मधल्या शेवटच्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं, आणि ते अक्षर त्यांच्या डोळ्यांदेखत जांभळं होऊन विरघळलं.

रेघ एक, पण शाई दोन. एकाच मशीनवर निघालेले कागद असतील, तर मधे शाई बदलली होती. कोणी बदलली? नीलमनंच बदलली असेल, तर काहीच सिद्ध होत नव्हतं. एकदा घाईनं बोलून त्यांनी नीलमचा धंदा बंद पाडला होता. आता दुसऱ्यांदा तसं व्हायला नको, असं वाटून त्यांना पाकीट पुन्हा कपाटात ठेवून द्यावंसं वाटलं.

पण अक्षर विरघळून गेलं होतं, आणि ते परत जागेवर येणार नव्हतं.

३

शनिवारी सकाळच्या गाडीनं ते अकोल्याला उतरले. नीलमच्या गल्लीच्या तोंडाशी गेले. लांबून तिची पाटी दिसली, 'फक्त ओरिजनल शाई वापरली जाते.' दार उघडं होतं, पण आत कोणी गिऱ्हाईक दिसत नव्हतं. खुशालराव तिथे पाच मिनिटं उभे राहिले आणि वळून पंजाबरावांच्या घराकडे, कौलखेडच्या रस्त्याला लागले. तिच्यासमोर जायचं, तर हातात उत्तर हवं होतं.

पंजाबराव एसटीतून निवृत्त झालेले. अंगणात उन्हाला बसले होते. पाहुणा पाहून उठले, पण तोंडावर आनंद नव्हता.

"या जी. आता काय राहिलं सांगाचं?"

"सांगायला नाही, विचारायला आलो. हा बायोडाटा..."

"त्याचं काय आता! माया पोरीले दोन जागा पाहून गेल्या त्याच्यानंतर. दोघायलेही कोणीतरी सांगतलं, हिले फिट येतात म्हणून."

आवाज ऐकून प्राजक्ता बाहेर आली. खुशालरावांनी कागद तिच्यापुढे धरला. "नीलमकडे छापला तेव्हाच ही रेघ होती का?"

"शेवटच्या दोन प्रतींवर आली," ती म्हणाली. "ऊन लय होतं तवा. नीलम म्हणे, कार्ट्रिजचा जीव गेला आता. लगेच नवीन टाकलं तिनं, अन् चांगल्या प्रती काढून देल्या. ह्या दोन फाडून टाक म्हणाली होती." ती बापाकडे पाहू लागली. "बाबानं त्याच धाडल्या तुमच्याकडे."

"मग? चांगला जाड कागद वाया काहून घालवा?" पंजाबराव म्हणाले. "नाव, शिक्षण, सगळं तर वाचता येत होतं."

खुशालरावांच्या मनात काहीतरी सरकलं. रेघ आली, म्हणूनच नीलमनं ते कार्ट्रिज काढलं. मग त्यानंतर महिन्याभरानं लिहिलेल्या पत्रावर तीच रेघ कशी?

"जुनं कार्ट्रिज तिनं कुठं टाकलं?"

"टाकत नाही ते. रिकामे शेखरभाऊले देते, जठारपेठेत. तो भरून विकते. नीलम त्याले हसते, म्हणते, तुह्या शाईनं छापलेला बायोडाटा चहाच्या एका थेंबानं विधवा होते." प्राजक्ता हसली आणि लगेच गप्प झाली. गेल्या आठ महिन्यांत ती नीलमशी एक शब्द बोललेली नव्हती.

"आणखी एक. त्या दिवशी, आम्ही बघायला आलो तेव्हा, तुझा तोल गेला होता. ते तू नीलमला सांगितलंस?"

"ते तर नांदगाव खंडेश्वरले लग्नाले गेली होती. नंतर सांगतलं नाही म्या. लाज वाटली. सकाळपासून उपाशी होती मी, दुसरं काई नव्हतं. कोणालेच नाही सांगतलं."

"पंजाबराव, तुम्ही? हिच्या आईनं, सुभद्राबाईंनी?"

"बाहेर कोण सांगते आपल्याच पोरीचं?" पंजाबराव तडकले.

खुशालराव पायरीवर बसले. चौकट धरल्याचं पत्रात लिहिलं होतं. ते पाहणारी सात माणसं त्या खोलीत होती. पंजाबराव, सुभद्राबाई, खुद्द प्राजक्ता. धर्मेंद्र, त्याची बायको, शिवम.

आणि सातवे ते स्वतः.

४

शेखरचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. त्याची दहाही बोटं काळी. खुशालरावांनी पुढे केलेल्या पत्रावरचा जांभळा डाग पाहून, सुईनं कार्ट्रिजमध्ये शाई भरत तो बोलत होता, आणि खुशालरावांना बोलायला जागाच देत नव्हता.

"पंजाबरावची पोरगी? मले काय विचारता? माया भावाचं स्थळ सांगतलं होतं आमी, त्यायनं नाही म्हटलं. म्हणून काय मी पत्र लिहीन? अन् लिहीन तर पाण्यात न पसरणाऱ्या शाईनं लिहीन, नाही का!"

खुशालराव त्याच्याकडे पाहत राहिले. चिडलेला माणूस, हातात नीलमचं कार्ट्रिज, आणि शाईही हीच. क्षणभर त्यांना वाटलं, उत्तर सापडलं. मग लक्षात आलं, की हा माणूस त्या खोलीत नव्हता. एवढ्याशाच पुराव्यावर त्यांनी पूर्वी नीलमला दोषी ठरवलं होतंच.

"एक सांगा," ते हळू म्हणाले, "रेघ मशीनची असते ना?"

शेखर हसला. "कोण सांगतलं तुमाले? या मॉडेलात शाई फेकाचे छिद्रं कार्ट्रिजलेच असतात. छिद्र मेलं, की तेवढी रेघ कोरी. मी शाई भरू शकतो, मेलेलं छिद्र जितं नाही करू शकत. कार्ट्रिज ज्या घरी जाईन, रेघ त्या घरी जाईन."

खुशालरावांच्या कानात कूलरची घरघर सुरू झाली. पट्टी मागवून अंतरं मोजणारा स्वतःचा हात त्यांना दिसला.

"लोक आपलंच कार्ट्रिज भरून नेतात का?"

"कोणाले वेळ हाये थांबाले? सिलिंडरसारखं हाये आपलं. रिकामं द्या, भरलेलं घ्या. कोणाचं कोणाकडे जाईन, काही नेम नाही."

"मग नीलमचं कोणाकडे गेलं?"

"लय महिने झाले जी. ते कसं सांगू?" शेखरनं सुई खाली ठेवली. "पण ओळखता येते. जे रिकामं ज्याच्याकडून आलं, त्याचं पहिलं अक्षर मी मागच्या बाजूनं मार्करनं लिहितो. गळालं तर कळाले पाहिजे, कोणाचा माल खराब होता. नीलमच्यावर 'नी' असते. ते जेवढे देते, तेवढ्यावर."

खुशालराव उठले. त्यांना खोलीतली सात माणसं पुन्हा दिसत होती. त्यांतल्या अकोल्यात राहणाऱ्या आणि घरी प्रिंटर असलेल्या माणसाकडेच आज दुपारी त्यांचं जेवण होतं.

५

शिवमची खोली गोरक्षण रोडला, दुसऱ्या मजल्यावर. त्यानं डबा उघडून ठेवला होता.

"या आजोबा. घरी फोन केला तर बाबा म्हणे, तुमी सकाळीच निघाले. कोठी होते एवढा वेळ?"

"फिरत होतो." खुशालरावांनी घास तोंडात घातला. कोपऱ्यात टेबलावर प्रिंटर होता, वर टॉवेल टाकलेला. "शिवम, एक पान छापून देशील? कोणतंही."

"कोणतंही म्हणजे?"

"तुझ्या ऑफिसचं काहीही."

त्यानं खांदे उडवले, टॉवेल काढला. यंत्र कुरकुरत पान बाहेर आलं. सोयाबीनच्या वाणांची यादी. दर दोन-तीन ओळींनी अक्षरांना कापत एक जाड पांढरी रेघ, आणि तिच्या पोटाशी केसाएवढी दुसरी.

"स्वस्तातलं आहे," शिवम म्हणाला. "छापतोच काय मी? एकदाच आणलं, मार्चात."

"जरा झाकण उघड."

"काहून?"

"उघड बाळा."

काळ्या कार्ट्रिजच्या पाठीवर पुसट झालेलं अक्षर होतं. नी.

खुशालरावांनी खिशातून पाकीट काढलं आणि निनावी पत्र त्या पानाशेजारी ठेवलं. शिवम दोन्ही कागदांकडे पाहत राहिला आणि मग पलंगाच्या कडेवर बसला.

"मले लग्न नव्हतं कराचं," तो म्हणाला. "आत्ताच नव्हतं कराचं. बाबानं मले विचारलंच नाही, सरळ तारीख काढली."

"मग तसं सांगायचं."

"तुमी सांगतलं असतं बाबाले?"

तारीख काढली, तेव्हा खुशालरावही तिथे होते. शिवमचा चेहरा त्यांनी पाहिला होता आणि खिडकीबाहेर पाहू लागले होते.

"पण मुलीवर का ढकललंस? तिला दोन स्थळं नाही म्हणून गेली."

"मले वाटलं, थोडं लांबेल. एवढं होईन हे माहीत नव्हतं." त्याचा आवाज बारीक झाला. "अन् मी कोणाचं नाव नव्हतं घेतलं आजोबा. नीलमताईचं नाव तर तुमीच घेतलं."

ते खरंच होतं. पोरानं केलेली गोष्ट भित्र्या माणसाची होती, पण तिला नीलमचा पत्ता दिला होता तो खुशालरावांनी, पट्टीनं मोजून. आणि त्यानंतर आठ महिने ते स्वतःशी म्हणत आले, की आपण फक्त रेघेबद्दल बोललो, माणसाबद्दल नाही.

६

त्यांनी शिवमकडून कोरे कागद मागितले.

"काय लिहिता?"

"उत्तर."

"आजोबा, दोन महिने थांबा. मी सांगतो बाबाले. माया तोंडानं सांगतो. तुमी लिहिलं तर सगळ्या नात्यात होईन. बाबा मले घरात घेणार नाही."

खुशालरावांनी पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं. थांबणं त्यांना फार सोपं जात असे. घराण्याचं नाव, धर्मेंद्रचा रक्तदाब, पोराचं पुढचं आयुष्य, थांबायला कारणं भरपूर होती, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. त्यांना थकवा आला. इथेच पलंगावर आडवं व्हावं, उद्याच्या गाडीनं परत जावं, असं वाटलं.

"नीलमला मी आठ महिने थांबवलं आहे," ते म्हणाले. "थांबायचा माझा वाटा संपला. तुला सांगायचं असेल, तर आज संध्याकाळपर्यंत सांग. पत्र बापाच्या हाती पडायला दोन दिवस लागतील."

"तुमचा काय फायदा होईन याच्यात?"

"काही नाही."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. पहिला कागद फाडला, कारण त्यात स्वतःबद्दलच जास्त होतं. दुसराही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं:

"नीलम, तू विचारलं होतंस, मला स्वतःला काय वाटतं. उत्तर 'नाही' असं आहे. ते पत्र तू छापलं नाहीस. तू काढून टाकलेलं कार्ट्रिज शेखरनं स्वस्त शाईनं भरून विकलं, आणि ते माझ्या पुतण्याचा मुलगा शिवम याच्या प्रिंटरमध्ये गेलं. पत्र त्यानं लिहिलं. त्यानं माझ्यासमोर कबूल केलं आहे. प्राजक्ताला कोणताही आजार नाही. रेघ मशीनची असते असं मी समजलो, ते चूक होतं. न कळणाऱ्या गोष्टीबद्दल मी चारचौघांत बोललो, आणि तू विचारल्यावरही आठ महिने उत्तर दिलं नाही. पहिली चूक अज्ञानाची होती, दुसरी माझी आहे. हे पत्र तू कोणालाही दाखव. याच्याच प्रती मी पंजाबरावांना आणि धर्मेंद्रला पाठवत आहे. — खुशालराव"

मग त्याच्या दोन प्रती करायला बसले. हात दुखत होता. शिवम दाराशी उभा होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "स्कॅन करून प्रिंट काढून देऊ का?"

"नको," खुशालराव म्हणाले.

शिवमनं फोन हातात घेतला, बापाचा नंबर काढला, आणि नुसताच पाहत बसला. खुशालराव निघाले, तेव्हाही तो तसाच बसला होता.

पोस्टात खिडकीवर गर्दी नव्हती. कारकून बाईंनी तीन पाकिटं उलटसुलट करून पाहिली.

"एक अमरावतीचं, दोन अकोल्याचेच? काका, ही नीलम तर इथून दोन गल्ल्यांवर राहते. पायी जाऊन देऊन या ना, पोस्टाचे पैसे कायले घालवता?"

"तेवढी हिंमत नाही मला," खुशालराव म्हणाले. आयुष्यात एखाद्या गोष्टीबद्दल त्यांना इतकी खात्री क्वचितच वाटली होती.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का उचलला. तो नीलमच्या नावाच्या पाकिटावर आपटला. पाकीट मागच्या टोपलीत पडलं.